सरासरी आणि ‘कमीत कमी किती?’ : एका प्रश्नसंचाच्या नोंदी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी अंकगणित घेते. मुलं-मुली करवीर, पन्हाळा, राधानगरी, कागल इकडच्या. पहाटे रंकाळ्याला धावायचं, दिवसभर वाचायचं, अशी बहुतेकांची पोलीस भरतीची तयारी. लेखी परीक्षा १०० गुणांची आणि वेळ ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद. साधी सरासरी सगळ्यांना येते. पण ‘सरासरी अमुक आहे, तर एकाला कमीत कमी किती मिळाले असतील?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. बाजारातल्या पुस्तकांत या प्रकाराची दोन-तीनच गणितं सापडली, म्हणून स्वतःच संच करायला घेतला. दुसऱ्या कुणाला असाच संच करायचा असेल तर काय फसलं ते आधी कळावं, म्हणून या नोंदी.

४ नोव्हेंबर

पहिलं गणित फळ्यावर : पाच जणांची १०० पैकी गुणांची सरासरी ८४. एकाला कमीत कमी किती गुण असू शकतील?

उत्तरं तीन प्रकारची आली. काही म्हणाले ०, कारण कमीत कमी म्हणजे शून्यच. काही म्हणाले ‘सांगता येणार नाही’. एक-दोघांनी ८४ च्या जवळपासचा आकडा अंदाजाने लिहिला. एकूण काढायचं कुणाच्याच मनात आलं नाही. सरासरी दिली की भागाकार करायचा, ही सवय इतकी पक्की आहे की उलटा गुणाकार सुचतच नाही.

एकूण ५ × ८४ = ४२०. एकाला कमीत कमी हवेत, तर बाकीच्या चौघांना जास्तीत जास्त द्यायचे. प्रत्येकी १०० म्हणजे ४००. उरले २०.

इथपर्यंत पटलं. मग अट घातली : पाचही जणांचे गुण वेगवेगळे आणि पूर्ण संख्येत. आता चौघांना १००, ९९, ९८, ९७ म्हणजे ३९४. उरले २६. एवढ्या एका ओळीच्या अटीने उत्तर २० वरून २६ वर कसं गेलं, यावर बराच वेळ चर्चा झाली आणि तास त्यातच संपला. ठरवलं होतं चार गणितं, झालं एक.

६ नोव्हेंबर

मोठे गुणाकार कमी करायला दुसरी रीत दिली. सरासरी ८४, कमाल १००. चौघांपैकी प्रत्येक जण सरासरीच्या वर १६ ने. चार गुणिले सोळा चौसष्ट. चौघांनी मिळून जेवढं जादा उचललं तेवढं पाचव्याच्या खात्यातून वजा : ८४ − ६४ = २०. ४२० आणि ४०० लिहावेच लागले नाहीत.

वेगवेगळ्या गुणांसाठीही हीच रीत चालते : १६ + १५ + १४ + १३ = ५८, आणि ८४ − ५८ = २६.

ही रीत मुलांना भलतीच आवडली. पण एक तोटा लगेच दिसला. ज्यांना एकूण काढायची रीतच पुरती कळली नव्हती, त्यांनी १६ हेच उत्तर म्हणून लिहिलं. म्हणून क्रम पक्का केला : पहिले काही प्रश्न एकूण काढूनच सोडवायचे, फरकाची रीत संचाच्या मध्यापासून पुढे.

९ नोव्हेंबर

पैलवानांचं गणित. कोल्हापुरात कुस्तीशिवाय सरासरी कशी शिकवायची! एका तालमीतल्या पाच पैलवानांचं सरासरी वजन ८० किलो. कुणाचंही वजन ८६ किलोच्या वर नाही. सर्वांत हलका कमीत कमी किती किलोचा? प्रत्येकी ६ वर, चौघांचे २४, उत्तर ५६. ८६ हा फ्रीस्टाइलमधला खरा वजनगट, त्यामुळे आकडा ओळखीचा वाटेल असा हिशेब होता. ५६ किलोचा गडी ५७ च्या गटात बसतो, तेही जमून आलं.

मग गुणांच्या गणिताच्याच धर्तीवर खाली लिहिलं : ‘सर्वांची वजनं वेगवेगळी असतील तर?’ उत्तरात ६२ टाकून ठेवलं होतं (८६, ८५, ८४, ८३ मिळून ३३८, ४०० मधून उरले ६२). प्रती काढून वाटल्या.

मागच्या बाकावरचा एक जण, स्वतः तालमीत जाणारा, म्हणाला, “मॅडम, काट्यावर ग्रॅमपण बघत्यात की. एक ८६, दुसरा ८५.९, तिसरा ८५.८, चौथा ८५.७ धरला तर?” केलं. ३४३.४, उरले ५६.६. ‘वेगवेगळी’ ही अट पाळली गेली आणि उत्तर ६२ च्या कितीतरी खाली आलं. मग ८६, ८५.९९, ८५.९८, ८५.९७ घेतले : उरले ५६.०६. अजून बारीक केलं तर अजून खाली. ५६ च्या जवळ हवं तितकं जाता येतं, पण ५६ ला पोचता येत नाही, कारण त्यासाठी चौघेही नेमके ८६ चे लागतात आणि मग वजनं वेगवेगळी राहत नाहीत. म्हणजे या प्रश्नाला कमीत कमी असं उत्तरच नाही.

गुणांच्या गणितात हे झाकलेलं राहिलं, कारण गुण पूर्ण संख्येतच असतात असं सगळ्यांनी गृहीत धरलं. वजन, दूध, पाऊस, वेळ यांत तसं धरता येत नाही. प्रती रद्द. झेरॉक्सचे दोनशे रुपये गेले.

११ नोव्हेंबर

आतापर्यंत लिहिलेले सगळे प्रश्न पुन्हा वाचले. जिथे ‘वेगवेगळे’ हा शब्द आहे तिथे ‘पूर्ण किलोत’, ‘पूर्ण संख्येत’ असं घातलं. जिथे ‘वेगवेगळे’ नाही तिथे गरज नाही, तिथे दशांश आले तरी उत्तर बिघडत नाही. कमाल मर्यादा प्रत्येक प्रश्नात लिहिली आहे की नाही तेही पाहिलं. दोन प्रश्नांत नव्हती. १०० पैकी की ५० पैकी हेच लिहिलेलं नसेल तर बाकीच्यांना ‘जास्तीत जास्त’ द्यायचे किती?

काम कंटाळवाणं, पण हे आधी केलं असतं तर दोनशे रुपये वाचले असते.

१५ नोव्हेंबर

दुधाचं गणित. सकाळचं ८ लिटर, फॅट ६.०. संध्याकाळचं ४ लिटर. दिवसाची सरासरी फॅट निदान ६.५ यायला संध्याकाळच्या दुधाची फॅट कमीत कमी किती हवी?

जवळपास सगळ्यांनी ७.० लिहिलं. ६ आणि ७ च्या मधे ६.५, झालं! लिटरकडे कुणी पाहिलंच नाही. १२ लिटरला ६.५ प्रमाणे ७८, सकाळचे ४८, उरले ३०, भागिले ४ म्हणजे ७.५. फरकाच्या रीतीने तर तोंडीच होतं : सकाळचे ८ लिटर प्रत्येकी अर्ध्याने खाली, म्हणजे ४ ची तूट. ती ४ लिटरनी भरून काढायची, म्हणजे प्रत्येकी १ वर, ६.५ + १.

गणित बरोबर, प्रश्न मात्र गोठ्यातल्या माणसाला पटेना. राधानगरीकडची एक मुलगी म्हणाली, “संस्थेत दोन्ही टायमाला फॅट वेगळी लागते मॅडम, सरासरी कोण काढतंय?” बरोबर आहे तिचं. सकाळच्या दुधाचा दर सकाळच्या फॅटवर, संध्याकाळचा संध्याकाळच्या. प्रश्न बदलला : घरी विकायला दोन्ही वेळचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं, तर कॅनमधल्या दुधाची फॅट निदान ६.५ यायला… आकडे तेच ठेवले.

१९ नोव्हेंबर

आजचा प्रकार उलटा : सर्वांत मोठ्याची कमीत कमी किंमत. सहा वेगवेगळ्या पूर्ण संख्यांची सरासरी २०. सर्वांत मोठी संख्या कमीत कमी किती?

वाचतानाच निम्मा वर्ग चुकतो. ‘कमीत कमी’ दिसलं की सर्वांत लहान संख्या शोधायला निघतात. प्रश्न असा फिरवला : ‘सर्वांत मोठी संख्या निदान किती तरी असलीच पाहिजे?’ त्याने फरक पडला.

सर्वांत मोठी लहान ठेवायची तर सगळ्या जवळजवळ हव्यात. मोठी म असेल तर एकूण जास्तीत जास्त म, म−१, … म−५ यांची बेरीज, म्हणजे ६म − १५. ती निदान १२० हवी. म निदान २२.५. इथे एकाने २२ लिहिलं, एकाने २२.५ तसंच ठेवलं. २२ घेऊन पाहिलं : २२, २१, २०, १९, १८, १७ यांची बेरीज ११७. तीन कमी. म्हणजे २२ चालतच नाही. २३ घेऊन : २३, २२, २१, २०, १९ आणि १५. बेरीज १२०.

शाळेत शिकवलेलं ‘अर्ध्यापेक्षा कमी असेल तर सोडून द्या’ इथे लागू नाही. एकूण १२० ऐवजी ११८ असती तर म निदान २२.१७ आला असता, तरी उत्तर २३ च, कारण २२ ने ११७ च्या वर जाताच येत नाही. हे फळ्यावर करून दाखवावं लागलं. नुसतं सांगून कुणाला पटलं नाही.

२२ नोव्हेंबर

त्यांच्याच सराव चाचण्यांवरचा प्रश्न. पाच चाचण्यांची सरासरी ७८. सहाव्या चाचणीत कमीत कमी किती गुण मिळाले की सरासरी निदान ८० होईल? ४८० − ३९० = ९०. हे सुटलं.

पुढचा भाग : सरासरी निदान ८२ करायला? ४९२ − ३९० = १०२. बऱ्याच जणांनी १०२ लिहून पुढचा प्रश्न सोडवायला घेतला. चाचणी १०० ची आहे! ‘शक्य नाही’ हेही उत्तर असू शकतं, हे मुलांना खोटं वाटतं. संचात असे दोन प्रश्न मुद्दाम ठेवले आहेत, आणि त्यांच्या पर्यायांत १०२ सारखा आकडा पहिल्या जागी.

२७ नोव्हेंबर

फुटबॉल. शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांची इथल्या पोरांना क्रिकेटपेक्षा जास्त माहिती असते. एका संघाची सहा सामन्यांत सरासरी २.५ गोल, कुठल्याही सामन्यात ४ च्या वर नाहीत. एखाद्या सामन्यात कमीत कमी किती गोल?

एकूण १५. पाच सामन्यांत प्रत्येकी ४ म्हणजे २०. १५ − २० = −५. फळ्यावर उणे पाच गोल लिहिले तेव्हा वर्गात जो हशा पिकला, त्यात गणित बुडालं. उत्तर अर्थातच ०, उदाहरणार्थ ४, ४, ४, ३, ०, ०. इथे कमाल मर्यादा आड येतच नाही, म्हणून प्रश्न निरुपयोगी ठरला.

त्याजागी हा घेतला : निदान किती सामन्यांत ३ किंवा जास्त गोल झालेच असतील? अशा सामन्यांची संख्या क धरली, तर त्यांत जास्तीत जास्त ४ प्रमाणे आणि बाकीच्यांत जास्तीत जास्त २ प्रमाणे : ४क + २(६ − क) = १२ + २क. हे निदान १५ हवं, म्हणून क निदान १.५, म्हणजे २. खरोखर जमतं : ४, ३, २, २, २, २. कमाल ४ ही अट काढली तर एकच सामना पुरतो : ५, २, २, २, २, २. हा प्रश्न मला संचातला सगळ्यात आवडतो.

जाता जाता : दुसऱ्या एका प्रश्नात ‘सात सामन्यांची सरासरी २.३ गोल’ असं लिहून बसले होते. ७ × २.३ = १६.१. गोल काही १६.१ होत नाहीत. १६ भागिले ७ म्हणजे २.२८५…, तेच २.३ म्हणून लिहिलं जातं. असे प्रश्न देताना ‘सुमारे’ लिहा, नाहीतर सरळ एकूण द्या.

२ डिसेंबर

मध्यकाचा, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या संख्येचा, एक प्रश्न. पोलीस भरतीला एवढं लागत नाही, पण अभ्यासिकेत इतर परीक्षांची तयारी करणारेही आहेत, त्यांच्यासाठी जोडपान. सात वेगवेगळ्या पूर्ण संख्या, सरासरी १९, मध्यक १८. सर्वांत मोठी निदान किती?

सगळ्यांचं उत्तर २१. मध्यक १८, त्याच्या वर तीन संख्या, १९, २०, २१, विषय संपला. माझ्याही कच्च्या उत्तरपत्रिकेत २१ च होतं. पण उत्तरपत्रिका पक्की करताना प्रत्येक उत्तराखाली त्या संख्यांची खरीखुरी यादी लिहायची असं ठरवलेलं, आणि इथे यादी होईचना. एकूण १३३. त्यातून १८ आणि १९, २०, २१ यांचे ६० गेले, उरले ५५. हे खालच्या तीन संख्यांत बसवायचे, पण त्या १८ च्या खाली हव्यात. जास्तीत जास्त १७ + १६ + १५ = ४८. सात जादा, जागा नाही.

म्हणजे वरच्या तिघांना निदान १३३ − १८ − ४८ = ६७ पेलावे लागतात. तीन वेगवेगळ्या संख्यांची बेरीज ६७ असेल तर मोठी निदान २४ (२३, २२, २१ मिळून ६६ च होतात). यादी : १५, १६, १७, १८, २०, २३, २४. बेरीज १३३, मध्यक १८. उत्तर २४.

याच प्रश्नात सरासरी १५ असती तर २१ बरोबर ठरलं असतं : एकूण १०५, खालच्या तिघांना २७ उरतात, ८, ९, १० लिहिले की झालं. सरासरी बदलली की तीच युक्ती कधी चालते, कधी नाही. आजपासून नियम : यादी लिहून दाखवली नाही तर अर्धेच गुण. मुलं कुरकुरली. “परीक्षेत यादी कोण बघतंय?” परीक्षेत नाही बघत, पण इथे मी बघणार.

५ डिसेंबर

पर्याय लिहिण्याचं काम. यात वाटलं होतं त्यापेक्षा फार जास्त वेळ गेला. मनाला येतील ते चार आकडे टाकले की हुशार मुलं उत्तर ओळखतात, कारण बाकीचे तीन कुठल्याच वाटेने येत नाहीत. म्हणून प्रत्येक चुकीचा पर्याय वर्गात खरोखर झालेल्या चुकीतूनच घेतला. ८४ सरासरीच्या गणिताला (वेगवेगळे पूर्ण गुण) पर्याय असे : १६, २०, २६, ३०. १६ हा नुसता फरक. २० म्हणजे ‘वेगवेगळे’ विसरले. ३० म्हणजे १०० वगळून ९९ पासून सुरुवात केली.

वेळ कमी असेल तर काय करायचं तेही संचाच्या मागे लिहिलं : कमीत कमी विचारलंय तर सर्वांत लहान पर्यायापासून तपासत वर या. १६ असेल तर बाकी चौघांना ४०४, अशक्य. २० असेल तर ४००, सगळ्यांना १०० च लागतात, अट मोडते. २६ असेल तर ३९४, म्हणजे १००, ९९, ९८, ९७. जमलं, थांबा.

९ डिसेंबर

पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी पावसाळ्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरत असते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हे इथे लहान पोरंही सांगतात, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही पुढे गेलेलं सगळ्यांनी पाहिलंय. प्रश्न : पाच दिवसांची सरासरी पातळी ४१ फूट, धोका पातळी एकदाही ओलांडली नाही. एखाद्या दिवशी पातळी कमीत कमी किती? प्रत्येकी २ वर, चार दिवसांचे ८, उत्तर ३३ फूट.

चिखलीकडचा एक जण लगेच, “३३ वरनं ४३? एका रात्रीत धा फूट? आमच्याकडं एवढं चढलं असतं तर गाव रात्रीतच हलवाय लागलं असतं.” मग त्याच्याच सांगण्यावरून अट घातली : एका दिवसात पातळीत २ फुटांपेक्षा जास्त फरक नाही. ही अट घातली आणि प्रश्नाचा नूरच पालटला. आता नुसती बेरीज पुरत नाही, कुठला आकडा कुठल्या दिवशी हेही पाहावं लागतं.

सर्वांत कमी दिवस मधे ठेवला तर दोन्ही बाजूंचे दिवस खाली ओढले जातात. तिसरा दिवस धरला तर ३८.६ फूट येतात, दुसरा धरला तर ३८.५, म्हणजे ३८ फूट ६ इंच. पहिला (किंवा शेवटचा) धरला तर मात्र पाणी दोन-दोन फुटांनी चढत जाऊन पुढचे दिवस ४३ ला टेकतं. पहिला दिवस प, मग प + २, प + ४, ४३, ४३. बेरीज ३प + ९२ = २०५, म्हणजे प = ३७ फूट ८ इंच. यादी : ३७ फूट ८ इंच, ३९ फूट ८ इंच, ४१ फूट ८ इंच, ४३, ४३. चौथ्या दिवशीची चढ १ फूट ४ इंच, अट पाळली. दोन तृतीयांश फुटाचे बरोबर ८ इंच निघाल्यावर वर्गात एकदम बरं वाटलं. पातळी फूट-इंचातच सांगतात ना!

५४ सेकंदांत हे सुटणार नाही. जोडपानात घातलं.

१४ डिसेंबर

घड्याळ लावून चाचणी. पहिले सोपे प्रश्न झपाट्याने झाले, दुधाच्या प्रश्नात पुन्हा ७.० ची गर्दी, पण आधीपेक्षा कमी. फरकाची रीत वापरणारे वेळेत संपवतात, एकूण काढणारे शेवटचे दोन प्रश्न सोडतात. ‘शक्य नाही’चे दोन्ही प्रश्न अजून फसतात. यादी लिहायची सवय लागलेल्यांनी मध्यकाचा प्रश्न बरोबर सोडवला. कुरकुरणाऱ्यांनी २१ लिहिलं.

१७ डिसेंबर

छपाईला दिलं. क्रम असा ठेवला : एकूण काढून सुटणारे, मग फरकाचे, मग वजनी सरासरी (दुधासारखे), मग ‘सर्वांत मोठी निदान किती’, शेवटी गोलांचा. मध्यक आणि पंचगंगा जोडपानात. उत्तरपत्रिका वेगळ्या कागदावर, प्रत्येक उत्तराखाली यादी. ज्यांना आपल्या वर्गासाठी आकडे बदलायचेत त्यांनी बदलावेत, पण बदलल्यावर यादी नव्याने करावी. १९ चे १५ केले की उत्तर २४ चं २१ होतं, हे वर आलंच आहे.

नमुना प्रत पाहिली. पैलवानांच्या प्रश्नात ‘पूर्ण किलोत’ हे शब्द पुसट आलेत. गठ्ठा वाटण्याआधी तेवढे पेनाने गडद करायचे.